गौराक्काला कुणी विचारलं नाही

अन्याय झाला तो गौराक्कावर. कधी, तेही सांगते: जिल्हा परिषदेच्या मागच्या निवडणुकीत, प्रचाराच्या शेवटच्या दिवशी, सोलापूरजवळच्या मंद्रूपचा बाजार उठायच्या वेळेला, सूर्य नुकताच बुडाला होता आणि भाजीवाल्यांच्या पालांवर एकेक दिवा लागत होता तेव्हा. कुणी केला? आम्ही. आमच्या पक्षानं. विरोधकांनी केला असता तर मी सडकून पत्रक लिहिलं असतं, चौकात वाटलं असतं आणि घरी जाऊन गाढ झोपले असते. हे पत्रक नाही. पत्रकाच्या तळाशी 'आपला नम्र' म्हणून कुणाचं तरी नाव घालावं लागतं, आणि या प्रकरणाखाली नाव घालायला आमच्या पक्षात एकही माणूस तयार नाही.

गौराक्काचं आडनाव मी मुद्दाम लिहीत नाही. आमच्याकडे आडनाव ऐकलं की लोक जात काढतात, जात काढली की मत कुणाला पडलं असेल ते काढतात, आणि मग त्यांना पुढचं काही ऐकायची गरज राहत नाही.

आता परत थंडी आलीय. सोलापूरची थंडी ती काय, सकाळी स्वेटर आणि दुपारी पंखा. पण रस्त्याकडेला हुरड्याच्या पाट्या लागल्यात, विजापूर रोडला ओल्या शेंगांचे ढीग दिसतात, आणि भिंतींना चुना लागलाय. चुना वाळायच्या आत कोपऱ्यात कुणीतरी बारक्या अक्षरात पक्षाचं नाव टाकून जातं, म्हणजे ही भिंत आमची, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. मधली कितीतरी वर्षं या निवडणुका लांबतच गेल्या. लोक विसरूनही गेले होते की जिल्हा परिषद म्हणून काही असते. आणि परवा सकाळी मी दात घासत असताना आमच्या गल्लीतून भोंगा लावलेला टेम्पो गेला. आवाज कुठल्या पक्षाचा होता, कोण उभं होतं, काही कळलं नाही. नुसती ती खरखर ऐकली आणि माझे कान तापले. राग पोटात पेटतो, रडू घशाशी येतं, तशी लाज माझ्या कानात बसते.

आमच्या पक्षाचं नाव लोकसमतोल पक्ष. तुम्ही ऐकलं नसणार, त्यात तुमची चूक नाही. अण्णा म्हणजे आमचे अध्यक्ष. ज्युनिअर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी आणि त्यांच्यासारख्या चार सज्जन माणसांनी हा पक्ष काढला. उजवे नको, डावे नको, मोर्चा नको, दगड नको. दोन्हीकडचं ऐकून घेऊ आणि मधला रस्ता काढू. मी त्यांच्या वर्गात होते तेव्हा हे ऐकून अंगावर काटा यायचा. आमच्या घरात, आमच्या गल्लीत, टीव्हीवर, सगळीकडे माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जात होती, आणि हा एक माणूस शांत आवाजात म्हणत होता, 'आधी समोरच्याचं ऐका.' कॉलेजात असतानाच मी त्यांची पत्रकं लिहायला लागले.

पक्षाचा निवडणुकीचा इतिहास सांगायचा तर तो चिन्हांनीच सांगावा लागतो, कारण दुसरं सांगण्यासारखं घडलेलं नाही. मान्यता नसलेल्या पक्षाला दर निवडणुकीत उरलंसुरलं चिन्ह मिळतं. पहिल्यांदा कपबशी मिळाली. अण्णा खूश, कारण चहा सगळ्यांनाच चालतो. अनामत जप्त. पुढच्या वेळी छताचा पंखा मिळाला, आणि ऐन उन्हाळ्यातल्या त्या निवडणुकीत आम्ही जिथं जिथं सभा घेतली तिथं तिथं लाईट गेलेली होती. अनामत जप्त. एकदा पंचायत समितीला आमचा एक माणूस खरोखर निवडून आला, नारळावर. आम्ही रडलो. त्याच्या अंगावरचा गुलाल धुऊन व्हायच्या आत तो मोठ्या पक्षाच्या बंगल्यावर चहा पीत होता. सभागृहात आमचा तो एकटाच, त्यामुळे आमचा अख्खा पक्षच तिकडे गेला असा त्याचा अर्थ निघाला. अण्णा म्हणाले, "त्याचीही काहीतरी बाजू असेल."

आणि एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण सगळं त्यातूनच झालं. आमच्या पक्षात मतदान होत नाही. निवडणुका लढवणारा पक्ष, पण आत कधी हात वर करून मोजणी झालेली नाही. मतदान घेतलं तर कुणीतरी हरतं, हरलेल्याचं मन दुखावतं, असं अण्णांचं म्हणणं. मग बैठकीत काय करायचं? अण्णा विषय मांडतात, चष्मा काढून पुसतात आणि विचारतात, "कुणाची हरकत?" कुणी बोलत नाही. चहा येतो. मंजूर. गप्प बसणं म्हणजे हो, असा आमचा नियम. मला तो तेव्हा फार सुसंस्कृत वाटायचा.

गौराक्का या पक्षात आली ती भाकरीच्या निमित्तानं. मंद्रूपच्या पलीकडे आत एक गाव आहे, तिथं ती कडक भाकऱ्या करून विकते. पातळ, पापडासारख्या, मोडल्या की कटकन आवाज येणाऱ्या. सोलापूरच्या दुकानांत तिचा माल यायचा. पक्षाच्या एका मेळाव्याला जेवणाची सोय तिच्याकडे होती. भाषणं संपल्यावर तिनं अण्णांना सगळ्यांसमोर विचारलं, "तुमी सगळं बरं बोललासा, पण आमच्या पोरींच्या कॉलेजच्या टायमाला एस्टी न्हाय, त्येचं काय?" अण्णा म्हणाले की हा प्रश्न व्यापक आहे. ती म्हणाली, "व्यापक कसला? आट वाजता पायजे. साडेधाला येती."

मंद्रूपकडचा जिल्हा परिषद गट, म्हणजे मतदारसंघ, महिलांसाठी राखीव झाला आणि आम्हाला उमेदवार हवा होता. विचारल्यावर ती म्हणाली, "उभी ऱ्हाते. पर मी खोटं बोलणार न्हाय, तुमालाबी बोलू देणार न्हाय." आम्ही टाळ्या वाजवल्या. चिन्ह मिळालं शिलाई मशीन. मी घोषणा लिहिली, 'फाटलेलं शिवू, अक्काला पाठवू.' अजूनही कुणी ती म्हणून दाखवली तर मला उठून जावंसं वाटतं.

पण तो हंगाम सुंदर होता. हे लिहिताना लाज वाटते, तरी लिहिते, कारण तेही खरं आहे. आम्ही प्रचाराला सुरुवात केली तेव्हा ज्वारीची कणसं दुधात होती. काळ्या रानात माणसाच्या डोक्यावर जाणारं पीक, आत शिरलं की बाहेरचा आवाज बंद व्हायचा आणि फक्त पानं अंगाला घासल्याचं ऐकू यायचं. गावात दुपारी माणूस भेटायचा नाही, सगळे रानात. म्हणून आम्ही रानोरान जायचो. कुठं पोरं पत्रा बडवून पाखरं उडवत असायची, कुठं एखादी म्हातारी गोफण घेऊन बांधावर. अक्का लांबूनच हाक द्यायची, कानडीत. अर्ध्या वस्त्यांवर कानडीच चालते. मी सोलापूर शहराच्या पूर्व भागातली, माझ्या घरात तेलुगू. मला कानडी येत नाही. पण 'अक्का' आमच्यातही थोरल्या बहिणीलाच म्हणतात, म्हणून मी पहिल्या दिवसापासून तिला अक्काच म्हणाले. ती मला तंगी म्हणायची, म्हणजे धाकटी बहीण.

"ऊटा आयता?" बांधावरून कुणीतरी विचारायचं. जेवण झालं का?

"त्यांना हो म्हण," अक्का मला कानात सांगायची, "न्हायतर हितंच दिवस मावळंल."

मी हो म्हटलं तरी आगटी पेटायचीच. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसायची, भाजून निघाली की तळहातावर चोळायची, हिरवे लुसलुशीत दाणे फुंकर मारून पुढे करायचे, वर शेंगाचटणी. हात काळे, तोंड काळं, गळ्यात पक्षाचा पांढरा रुमाल, तोही काळा. एकदा एका माणसानं आम्हाला पोटभर हुरडा घातला आणि निघताना म्हणाला, "अक्का, मत मातर आमच्या पावण्याला हाय बरं का. आदीच सांगतो."

"मग आदी सांगायचं की रं," अक्का म्हणाली, "एवडी चटणी खाल्ली नसती. लई तिखाट हाय."

तो इतका हसला की मला वाटलं हा आता मत फिरवणार. फिरवलं की नाही, देव जाणे. पण अक्काची पद्धत अशी होती. ती कुणाला वचन द्यायची नाही. "एस्टी आणायचा जोर लावीन. न्हाय आली तर दारात या आनि शिव्या द्या. घर म्हायती हाय." बस्स, एवढंच तिचं भाषण. बायका माना हलवायच्या. कॉलेज सुटलेल्या, म्हणजे शिकायचं सोडून घरी बसलेल्या मुली दाराआडून ऐकायच्या. त्यातली एक मला म्हणाली होती, "ताई, आली तर खरंच आठला येईल?" मी म्हटलं, येईल.

कणसं पिवळी पडायला लागली. पानं वाळून खडखडू लागली. काही रानांत काढणी सुरू झाली, माणसं ओळीनं वाकून ताटं मुळासकट उपटत पुढे सरकत होती आणि मागे मोकळी काळी जमीन उरत होती. प्रचाराचे शेवटचे दिवस आले तेव्हा लांबचं दिसायला लागलं होतं. मला आठवतं, अक्का एका बांधावर उभी राहून म्हणाली होती, "आता आपलं गाव हितनं दिसतंय बघ." मला त्यात पुढचं काही शुभ दिसलं होतं. पत्रकं लिहिणाऱ्या माणसाला सगळीकडे शुभच दिसतं.

समोर दोन गट होते. एका गटाचे पुढारी एक डॉक्टर, त्यांच्या घरातली सून उभी होती, पण प्रचारात नाव डॉक्टरांचंच. दुसऱ्या गटाची माणसं दांडगी, दमदाटीसाठी प्रसिद्ध. सोलापुरात अण्णांना रोज कुणीतरी भेटून सांगत होतं, तुमच्या बाईमुळे डॉक्टरांची मतं फुटतायत, ते दांडगे येतील, आणि पाप तुमच्या माथी. मतविभागणी! आमच्यासारख्या पक्षाला या एका शब्दानं कायमचं ताब्यात ठेवलंय. मोठ्यांनी उभं राहिलं तर ती लोकशाही, आम्ही उभं राहिलो तर मतविभागणी. अण्णा रात्रंदिवस या भुताला घाबरत होते. मला एवढंच माहीत होतं की ते काळजीत आहेत. शेवटच्या दिवशी दुपारी, मी आणि अक्का उन्हात एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीवर चालत होतो तेव्हा, सोलापूरच्या कार्यालयात बैठक झाली. अण्णांनी विषय मांडला, चष्मा पुसला आणि विचारलं, कुणाची हरकत? चहा आला.

अर्ज मागे घ्यायची मुदत केव्हाच संपली होती. अक्काचं नाव यंत्रावर पक्कं होतं. नाव काढता येत नव्हतं, म्हणून त्यांनी माणूस काढला.

आम्ही मंद्रूपच्या बाजारात होतो. अक्का मेथीवालीशी बोलत होती, अर्धं मताचं, अर्धं मेथीचं. आमच्या प्रचाराचा टेम्पो वळणावरून येताना दिसला. रफिकभाई चालवायचे, सोलापूरचे. भोंग्यातून नेहमीचाच आवाज येत होता, ज्यानं महिनाभर 'फाटलेलं शिवू' म्हटलं होतं, तोच घोटीव आवाज. आता तो म्हणत होता, "मतदार बंधू-भगिनींनो, आपल्या लाडक्या गौराक्कांनी विकासासाठी मोठ्या मनानं डॉक्टरसाहेबांच्या उमेदवाराला जाहीर पाठिंबा दिलेला आहे. शिलाई मशीनसमोरचं बटण दाबून आपलं अमूल्य मत वाया घालवू नका."

अक्का आधी हसली. "तंगी, ऐकलीस? दुसरी कुटली तरी गौराक्का असंल."

मग ते परत लागलं. शिलाई मशीन म्हटल्यावर तिचा हात मेथीवरून खाली आला.

ती चालत गेली आणि टेम्पोपुढे उभी राहिली. रफिकभाईंनी ब्रेक मारला. "बंद कर," ती म्हणाली. त्यांनी बंद केलं.

"ह्ये कुनी लावलं?"

"अक्का, मेरेकू क्या मालूम? दोपहरकू सोलापूरसे पेनड्राईव आयी, बोले ये लगा, मैं लगाया." त्यांचा चेहरा उतरला होता. "आपकू पूछे नहीं क्या?"

"कुटं कुटं लावलं?"

"सब गांव हो गये, अक्का. मंद्रूप आखरी था."

म्हणजे दुपारभर आम्ही ज्या ज्या दारात मत मागत होतो, त्या त्या दारामागून हा आवाज आधीच जाऊन आला होता किंवा आमच्या पाठीवर जात होता. दुपारभर दारादारातल्या बायका आमच्याकडे विचित्र नजरेनं का बघत होत्या, ते मला तिथं, त्या क्षणी समजलं.

मी अण्णांना फोन लावला. ओरडले. ते शांत होते. ते नेहमीच शांत असतात. म्हणाले, "अगं, तिला वाईट वाटेल म्हणून मुद्दामच आधी सांगितलं नाही. मतदान झालं की मी स्वतः येणार होतो, समजावून सांगायला."

अक्कानं माझ्या हातातून फोन घेतला. "अण्णा, मला इचारायचं तरी."

पलीकडचं मला ऐकू आलं. "तुम्ही नाही म्हणाला असता, अक्का."

"व्हय, म्हणले असते. म्हणून तर इचारायचं असतंय."

एवढं बोलून तिनं फोन मला दिला आणि बाजाराच्या मधोमध जाऊन उभी राहिली. रफिकभाईंच्या टेम्पोत नुसता वाजवायचा डबा होता, माईक नव्हता. ती आपल्या गळ्यानं ओरडली. "मी पाटिंबा दिलेला न्हाय! मी उभी हाय! कुनी इचारलं न्हाय मला!" बाजार उठत होता, लोक पोती बांधत होते, टमटम सुरू होत होत्या. जवळच्यांनी ऐकलं. लांबच्यांना वाटलं भांडण आहे. एक जण टमटममधून ओरडला, "अक्का, किती खोकी?" आणि सगळी टमटम हसली. मग हवालदार आला आणि बिचाऱ्यानं हात जोडून सांगितलं की बाई, वेळ संपली, आता प्रचार करता येत नाही. खोटं बोलायला दुपार मिळाली होती, खरं बोलायला कायद्यानं वेळ उरला नव्हता.

मतदानाच्या दिवशी ती केंद्रापासून लांब, चुन्याच्या रेषेच्या अलीकडे, सकाळपासून उभी होती. हात जोडून नाही, नुसती उभी. बायका जवळून जाताना पुटपुटायच्या, "अक्का, तू बसलीस म्हनं, माघार घेतलीस?" ती म्हणायची, "आत जाऊन बघ, मशीनवर माझं नाव हाय का न्हाय." यापेक्षा जास्त बोलायची तिला परवानगी नव्हती.

डॉक्टरांची सून निवडून आली, आणि इतक्या मोठ्या फरकानं, की अक्काला आपल्या गावची सगळीच्या सगळी मतं पडली असती तरी त्यांचं काही बिघडलं नसतं. अण्णांचं भूत कागदी होतं. पुढे काय झालं ते तर सगळ्यांनी पाहिलं: तो दांडगा गट आणि डॉक्टरांचा गट आज एकाच मांडवात बसतात, एकमेकांना पेढे भरवतात. ज्या दोघांतला एक वाईट आणि एक बरा म्हणून आम्ही आमची बाई बळी दिली, ते दोघं आता सोयरे आहेत. आणि एसटी साडेदहालाच येते.

अण्णांनी यात एक पैसाही घेतला नाही. हे मी छातीवर हात ठेवून सांगते, आणि हेच मला सगळ्यात जास्त छळतं. पैसे घेतले असते तर त्यांना चोर म्हणून मोकळी झाले असते. त्यांनी हे चांगुलपणानं केलं. कुणाचं मन दुखावू नये म्हणून केलं. डॉक्टरांचं दुखावू नये, सोलापूरच्या भल्या लोकांचं दुखावू नये, आणि अक्काचंही दुखावू नये म्हणून तिला सांगितलंच नाही. सगळ्यांची मनं सांभाळता सांभाळता त्यांनी एका बाईची अब्रू भर बाजारात टाकली आणि वर त्याला समतोल म्हणाले.

कारण गावात जे उरलं ते एवढंच: गौराक्का विकली गेली. ती नाही म्हणून ओरडली, हे फार थोड्यांनी ऐकलं होतं. पाठिंबा दिला, हे सगळ्यांनी. पिठाच्या गिरणीवर तिला पाहून कुणीतरी म्हणायचं, "आता कशाला भाकरी बडवतीस अक्का, बसून खा की." तिनं सुरुवातीला उत्तरं दिली. मग देणं बंद केलं. तिचं गप्प बसणंही लोकांनी हो म्हणूनच धरलं. आमचाच नियम, गावानं उचललेला.

यंदा तो मतदारसंघ परत महिलांसाठी राखीव निघाला. अण्णांचा मला फोन आला. "गौराक्काचं मन वळवता आलं तर बघ. प्रामाणिक बाई आहे."

मी गेले. हो, मी अजून या पक्षात आहे. लाज वाटते ती याचीही. रस्त्याकडेची ज्वारी पुन्हा डोक्याएवढी झाली होती. अक्का परातीत पीठ मळत होती. केस पिकलेत. तिनं मला बसायला सांगितलं, भाकरी मोडून समोर ठेवली, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "अण्णानं धाडलं न्हवं?"

"हो."

"उभी ऱ्हाते मी."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ती पुढे म्हणाली, "एक काम कर म्हनावं त्येला. बाजारच्या दिवशी मंद्रूपला यायचं, तितंच उभं ऱ्हायचं, आनि बोलायचं, 'गौराक्काला आमी इचारलं न्हवतं.' येवडंच. माफी नको, हार नको. मग मी दारोदार जाते. त्या आदी कुटल्या तोंडानं जाऊ? लोक म्हनतील, आली परत, नवा भाव करायला."

"आणि ते नाही आले तर?"

"तर तू भाकरी खा आनि जा, तंगी. तुजं काय न्हाय त्यात." मग पिठाकडे बघत, "माज्या नातीला शाळंत इचारत्यात. तुजी आज्जी किती पैसं घेतली गं. आट वरसाची हाय ती. तिला मी काय सांगू?"

परतीच्या एसटीत मी खिडकीला डोकं टेकून बसले होते. मला त्या मुलीचा चेहरा दिसत होता, जी त्या हंगामात जन्मलीही नव्हती.

बैठक झाली. मी सगळं जसंच्या तसं सांगितलं.  अण्णा म्हणाले, "झालं गेलं. आता ते उकरलं तर डॉक्टरांवर शिंतोडे उडतील, आपल्यावरही. अक्कांना आपण सन्मानानं परत बोलावू, तेच उत्तर आहे." चष्मा काढला. पुसला. "कुणाची हरकत?"

"माझी," मी म्हणाले.

तुम्हाला खोटं वाटेल, पण खोलीत कुणालाच पुढे काय करायचं ते माहीत नव्हतं. एक काका म्हणाले, "हरकत म्हणजे नेमकी कशाला?" दुसरे म्हणाले, "चहा होऊन जाऊ दे आधी." अण्णा माझ्याकडे बघत होते, रागानं नाही; वर्गात एखाद्या हुशार मुलीनं पेपर कोरा दिल्यावर बघायचे तसं. "अगं, आपल्याकडे अशी पद्धत नाही."

"मग मतदान घ्या."

"मतदान?"

चहा आला. कुणी प्यायला, कुणी नाही. विषय पुढच्या बैठकीवर ढकलला गेला, आणि पुढच्या बैठकीची वेळ अर्ज भरायची मुदत संपल्यानंतरची ठरली. एकमतानं, असं त्यांनी लिहिलं. मी तिथंच होते, मी नाही म्हणत होते, आणि तरी एकमतानं. बाहेर आल्यावर अण्णा जिन्यात मला म्हणाले, "मी वाईट माणूस नाही गं." मी म्हटलं, "नाही, अण्णा. नाहीच." आणि तेवढं बोलून खाली उतरले. वाईट माणसाशी कसं भांडायचं ते त्यांनीच मला शिकवलं होतं. चांगल्या माणसाशी कसं भांडायचं, ते मला अजून येत नाही.

अक्का यंदा उभी नाही. अण्णा मंद्रूपला गेले नाहीत, जाणार नाहीत. म्हणून जे वाक्य त्यांनी म्हणायला हवं होतं ते मी इथं लिहिते, पक्षाच्या परवानगीशिवाय: गौराक्काला आम्ही विचारलं नव्हतं. तिनं पाठिंबा दिला नव्हता. तिनं काही घेतलं नव्हतं.

माझ्या लिहिण्यानं ते पुसलं जाणार नाही, एवढी अक्कल मला आहे. भोंगा गावोगाव एकेकदाच फिरला. पुढची सगळी वर्षं ती गोष्ट माणसांनी माणसांना सांगितली. गिरणीवर, पारावर, लग्नाच्या पंगतीत, शाळेच्या फाटकापाशी. ती तुम्ही सांगितली. तुम्ही मंद्रूपच्या बाजूचे असाल तर गौराक्काचीच सांगितली असेल. दुसरीकडचे असाल, तर तुमच्या गावात तुमची एक गौराक्का असेल, कुणासाठी तरी 'बसवलेली', आणि तिला कधी कुणी विचारलं होतं का, हे तुम्हीही विचारलेलं नसेल.

तेव्हा हे वाचून मान हलवू नका. हळहळ नको. ज्या माणसापाशी तुम्ही 'ती विकली गेली' असं म्हणालात, तो कोण होता ते आठवा. आठवत नाही म्हणू नका, आठवतं. उद्या त्याच्याकडे जा. त्याच्या लेकरांना समोर बसवा, आणि त्यांच्यादेखत सांगा की मी बोललो ते खोटं होतं, मी न विचारता बोललो. मग त्या बाईच्या दारात जा, आणि तिला सांगा की सांगून आलो.